नाहीचा दिवा

धाकटी ड्रायव्हर लिहिते, असं कुणाला सांगितलं की समोरचा आधी तिच्या हातांकडे बघायचा आणि मग विचारायचा, “लिहिते? म्हणजे चालवत नाही?” त्यातून ते काम बसचं आहे हे कळलं की संपलंच. शेजारच्या काकूंनी तर एकदा, “इतकं शिकून शेवटी बसवरच का गं?” म्हणून खरोखरचे डोळे पुसले होते. तेव्हा तिचा थोरला भाऊ, दादा, चालता-बोलता होता. तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “काकू, आमच्या घराण्याला शापच आहे. मीही त्याच लायनीतला.”

खरी गोष्ट अगदी साधी आहे. संगणकाला जोडलेली प्रत्येक वस्तू आपापली भाषा बोलते, म्हणून मध्ये एक दुभाषा लागतो. तो दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. आणि ज्या रस्त्यावरून त्यांचं बोलणं जातं-येतं तो रस्ता म्हणजे बस. हे रस्ते दर काही वर्षांनी बदलतात, आणि जुन्या वस्तू नव्या रस्त्यावर अडखळतात. त्यांचा हात धरून त्यांना पलीकडे नेणारी जी थोडी माणसं असतात, त्यांतला दादा एक. धाकटीला हे काम त्यानेच शिकवलं. आई-वडील लवकर गेले, तेव्हा तिची वेणी घालण्यापासून तिला गणित घोकवण्यापर्यंत सगळं त्यानेच केलं होतं. पुढे ती त्याच्याच कचेरीत लागली आणि बघता बघता त्याच्या वरच्या जागेवर जाऊन बसली. “कानामागून आली आणि तिखट झाली,” असं तो भेटेल त्याला सांगायचा, आणि सांगताना असा फुलायचा की जणू ते तिखट त्यानेच कांडलं होतं.

एका बाबतीत मात्र दोघांचं कधी पटलं नाही. धाकटीला कोड लख्ख लागायचा. एकही ओळ जास्त नको, संगणक कोड तपासतो तेव्हा एकही पिवळी सूचना यायला नको. दादाच्या कोडमध्ये अशा ओळी असायच्या की त्यांचं काय काम आहे ते एक त्याला ठाऊक, आणि शेजारी दोन शब्दांची टीप लिहायची म्हटलं की याच्या जिवावर यायचं. “टीप कशाला? मी आहे की विचारायला,” हे त्याचं ठरलेलं उत्तर.

मग आजार आला. आधी उजव्या हाताची बोटं, मग पाय, मग जीभ. घर सोडताना माणूस एकेका खोलीचा दिवा मालवत जातो, तसं त्याचं शरीर त्याला सोडत गेलं. डोकं तेवढं शेवटपर्यंत जागं राहणार, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ही चांगली बातमी की वाईट, ते कुणालाच कळलं नव्हतं.

डाव्या हाताची बोटं चालत होती तोवर त्याने आपली पुढची सोय आपणच करून ठेवली. केव्हाच बंद पडलेल्या एका कंपनीचं बोलकं यंत्र त्याने कुठूनसं मिळवलं. गालाला चिकटवायची एक चकती, डोळ्यांसमोर धरलेली दिव्यांची पाटी, आणि संगणकात बसवायचं एक कार्ड. पाटीवर खण आखलेले. वरच्या ओळीत नेहमीचे शब्द, पाणी, पंखा, उजेड, कूस, बोलावण्यासाठी घंटी, आणि खाली सगळी अक्षरं. दिवा टिकटिक करत एकेका खणावरून पुढे सरकत राहायचा. हवा तो खण उजळला की गाल जरासा हलवायचा, की तो शब्द स्पीकरमधून ऐकू यायचा. पाटीचं तोंड त्याच्याकडे. समोर उभ्या राहिलेल्या माणसाला तिची करडी पाठ तेवढी दिसायची आणि आवाज ऐकू यायचा. या सगळ्याचा ड्रायव्हर त्याने एका बोटाने टाइप करून लिहिला.

पाटीवर सगळ्यात पहिला खण त्याने ‘नाही’ला दिला आणि त्यामागे ‘हो’ला. धाकटीने विचारलं, असं उलटं का? तेव्हा त्याची जीभ जड झाली होती, पण वळत होती. तो म्हणाला, “आजारी माणसाच्या वतीने हो म्हणायला गावभर लोक तयार असतात. त्याला स्वतःला सगळ्यात आधी ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे.”

पुढे डोळ्यांनी चालणारी नवी यंत्रं आली, पण त्याच्या डोळ्यांना घळघळा पाणी यायचं. त्याने हे जुनंच धरून ठेवलं. वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, “बायको आणि यंत्र, दोन्ही जुनीच बरी म्हणतात ते. म्हणजे मला यंत्राच्या रांगेत बसवलं.” वहिनी मुलांना पोहायला शिकवायची. खांदे रुंद, आवाज तलावाच्या या टोकाचा त्या टोकाला जाईल असा. दादाला ती पलंगावरून खुर्चीत अशी उचलून ठेवायची की बघणाऱ्याला वाटावं, उशी हलवतेय. नोकरी तिने सोडली होती. त्याचे श्वास मोजणं हेच आता तिचं काम होतं, आणि त्यात ती कुणाला हात लावू द्यायची नाही.

एका सकाळी जुना संगणक जळाला. आवाज नाही, काही नाही, नुसता वास आला आणि दादा मुका झाला.

धाकटीने रजा टाकली आणि त्याच्या पलंगाशेजारी टेबल मांडून बसली. नव्या संगणकात त्या कार्डाला बसायला जागाच नव्हती. इतका जुना रस्ता आता कुणी बांधत नव्हतं. मध्ये ब्रिजची चिप घालावी लागली, एका बाजूला जुना रस्ता, दुसऱ्या बाजूला नवा, आणि या चिपने इकडचं तिकडे करायचं. मग दादाचा ड्रायव्हर उघडून तिने तो नव्या संगणकाला जुळवायला घेतला. तोवर वहिनी पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून, त्याच्या पापण्या बघत, त्याच्याकडून एकेक शब्द काढत होती. एका वाक्याला अर्धी सकाळ जायची.

ड्रायव्हरमध्ये एके ठिकाणी तपासणीची पिवळी सूचना आली. दारावर थाप द्यावी तसं कार्डाने “खण निवडला” असं कळवलं, की त्या खणाचा क्रमांक उचलण्याआधी ड्रायव्हर कार्डाला उगाचच एक प्रश्न विचारायचा आणि आलेलं उत्तर टाकून द्यायचा. वाचायचं आणि फेकायचं. शेजारी अर्थातच टीप नव्हती. धाकटीला हसू आलं. “दादा, हे काय रे तुझं? नजर लागू नये म्हणून?” असं ती त्याच्याकडे वळून म्हणाली. तो झोपला होता. त्याला उठवून, पुठ्ठा धरून विचारायचं म्हणजे तास गेला असता. तिने ओळ काढून टाकली. पिवळी सूचना गेली.

चकती स्वतःच्या बोटाला लावून तिने यंत्र तपासलं. पाणी, पंखा, हो, नाही, क, ख, ग, घ. टकाटक सगळं बरोबर आलं. शितावरून भाताची परीक्षा झाली आणि तिने चकती दादाच्या गालाला लावली. वहिनी शेजारी उभी. दिवा टिकटिकत फिरला, आणि अक्षराअक्षराने पहिलं वाक्य आलं, “शांततेत बरं चाललं होतं.” वहिनी इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

त्या आठवड्यातच वहिनी एकदा म्हणाली, “अगं, हे सकाळी पहिला शब्द भलताच बोलतात. पंखा बंदच असतो आणि हे म्हणतात पंखा. मग नीट बोलतात.”

“थकतो गं तो,” धाकटी म्हणाली. “गाल वेळेवर हलत नसेल.”

हे ती इतक्या सहज बोलून गेली, की नंतर हेच वाक्य तिला सगळ्यात जास्त बोचलं.

मग छातीत कफ झाला आणि दवाखान्यात न्यावं लागलं. पाटी, कार्ड, संगणक सगळं बरोबर नेलं. आता त्याच्या छातीला एकटीने श्वास ओढवत नव्हता. दादा वहिनीला नुकताच “कूस” म्हणाला होता, तेवढ्यात तिथल्या डॉक्टरीणबाई त्याच्या पलंगाजवळ स्टूल ओढून बसल्या आणि घरच्यांकडे न बघता त्याच्याकडे बघून बोलल्या. हे धाकटीला आवडलं.

“माझं बोलणं नीट ऐकू येतंय ना?” त्यांनी विचारलं.

“हो,” यंत्र म्हणालं.

मग बाईंनी सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, काही रंगवलं नाही. गळ्याला छिद्र पाडून कायमचं श्वासाचं यंत्र लावता येईल. आयुष्य वाढेल, किती ते सांगता येणार नाही. आजार थांबणार नाही. एक दिवस गालही जाईल, आणि मग सगळं बोलणं आतच राहील. किंवा हे काही करायचं नाही. त्रास होऊ नये एवढं बघायचं, औषध द्यायचं, आणि शांतपणे जाऊ द्यायचं. दोन्ही बरोबर आहे, त्या म्हणाल्या. फक्त ते दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही.

बाई बोलत होत्या आणि वहिनी पलंगाची कड धरून उभी होती. हा प्रश्न घरात कधी निघाला नव्हता. वहिनीची विचारायची छाती झाली नव्हती आणि धाकटीचीही नाही. ताकाला जाऊन भांडं लपवावं, तसं दोघी त्या विषयाच्या आसपास फिरून परत यायच्या.

“यंत्र लावू का?” बाईंनी विचारलं.

टिकटिक सुरू झाली. ती लगेच थांबली.

“हो,” यंत्र म्हणालं.

वहिनीचे हात कडेवरून सुटले आणि ती होती तिथेच फरशीवर बसली. एवढी दांडगी बाई, लहान मुलासारखी तोंड उघडं टाकून रडायला लागली. “थांबणार आहेत,” ती कुणाला तरी सांगत होती. “अगं, ते थांबणार आहेत.”

बाईंनी तिला क्षणभर रडू दिलं. मग पुन्हा दादाकडे वळून म्हणाल्या, “घाई नाही. नक्की ना?”

या वेळी टिकटिक बराच वेळ चालली. दिवा अख्खी पाटी फिरून आला, कुठेच थांबला नाही. दुसरी फेरी सुरू झाली. दादा वहिनीकडे बघत होता.

“हो,” यंत्र म्हणालं.

तो घरी आला तो गळ्यात नळी आणि उशाशी श्वासाचं यंत्र घेऊन. खोलीला आता स्वतःचा एक श्वास आला, फुस्स आणि खट्, फुस्स आणि खट्. भेटायला येणारे दारातच अडखळायचे, बाहेर पडताना वहिनीच्या कानाशी लागायचे, “इतके हाल… तुम्ही तरी कशाला…” वहिनी ताठ मानेने एकच उत्तर द्यायची, “त्यांनी स्वतः हो म्हटलं. दोनदा विचारलं डॉक्टरांनी, दोनदा म्हणाले.” त्या वाक्याच्या आधाराने ती उभी होती. अपरात्री नळी साफ करताना, कूस बदलताना, स्वतःचे खांदे दुखून येताना तेच वाक्य ती मनाशी म्हणत असणार, हे धाकटीला दिसायचं.

घरी आल्यापासून दादाला एक नवीन खोड लागली होती. बोलायला सुरुवात केली की आधी घंटी, आणि बोलणं संपलं की पुन्हा घंटी. टिंग, “पाणी”, टिंग. टिंग, “उशी वर”, टिंग. वहिनी म्हणायची, “आमच्याकडे दर वाक्याला शाळा भरते आणि सुटते.” धाकटीलाही गंमत वाटायची. बिचाऱ्याला एवढाच काय तो चाळा, असं तिला वाटायचं.

एका रविवारी दुपारी तिने वहिनीला जबरदस्तीने तलावावर पिटाळलं. “दोन तास मी बसते. तू पाण्यात डुंबून ये. तुझ्या अंगाला आता औषधांचाच वास येतो.” वहिनी नको नको म्हणत गेली. दादाचं जेवण नळीतून झालं होतं, डोळा लागला होता. चकतीखालची कातडी लाल झालेली, म्हणून धाकटीने ती काढून गालाला मलम लावलं आणि चकती हातात घेऊन त्याच्या उशाशी बसली. पाटी समोर होती. इतक्या दिवसांत त्याच्या बाजूने ती पाटी तिने पहिल्यांदाच बघितली.

दिवा फिरत होता. नाही, हो, पाणी, पंखा. नाहीवर तो इतर खणांपेक्षा किंचित जास्त थांबायचा. तीही त्यानेच करून ठेवलेली सोय. ती बघत राहिली. मग कंटाळून, काही मनात नसताना, ‘उजेड’ लागला तेव्हा तिने चकती बोटाने दाबली.

टिंग.

तिने पाटीकडे बघितलं. पुन्हा ‘उजेड’वर दाबलं. “उजेड,” यंत्र म्हणालं. ‘कूस’, “कूस.” सगळं बरोबर. मग तिने जे आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. हात मांडीवर ठेवून ती नुसती बसली. दादा बसायचा तशी. श्वासाचं यंत्र फुस्स-खट् करत राहिलं. बऱ्याच वेळाने तिने ‘पाणी’वर दाबलं.

“कूस,” यंत्र म्हणालं.

एका क्षणात सगळं समोर उभं राहिलं. कार्ड खणाचा क्रमांक ब्रिजवरून पाठवतं आणि ड्रायव्हरच्या दारावर थाप मारतं. पण थापेची तार वेगळी, ती ब्रिजवरून जातच नाही. आणि हा ब्रिज वीज वाचवणारा, नवा, शहाणा. दोन-तीन मिनिटं काही आलं-गेलं नाही की डुलकी काढणारा. थाप पोचते, क्रमांक ब्रिजवरच पेंगत राहतो. ड्रायव्हर दार उघडतो तर पायरीवर मागच्याच वेळचं पडलेलं, तो तेच उचलतो आणि बोलून टाकतो. नवीन क्रमांक मागून येतो तेव्हा त्याला विचारणारं कुणी नसतं. तिने तपासलं ते धडधाकट माणसाच्या घाईने, टकाटक. त्या घाईत ब्रिजला डुलकी लागायला वेळच मिळाला नाही. दादा सावकाश बोलणारा माणूस. त्याच्या प्रत्येक बोलण्याआधी ब्रिज झोपलेला असायचा.

आणि ती ओळ, उगाच विचारायचं आणि उत्तर फेकून द्यायचं. ब्रिजवरून परत येणारं उत्तर वाटेत अडकलेलं सगळं पुढे ढकलत आणतं, तसा नियमच आहे. तेवढ्यासाठीच तो प्रश्न होता. जुन्या संगणकात ब्रिज नव्हता, तरी दादाने तो घालून ठेवला होता. पूर्वी कुठल्याशा लिफ्टच्या कामात याच कारणाने त्याचे हात पोळले होते, हे तिला आत्ता आठवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल तिने स्वतःच्या हाताने सोडला होता.

मग घंटीचंही कोडं सुटलं. त्याला केव्हाच कळलं होतं. बोलणं संपवताना तो घंटी ठेवून द्यायचा, म्हणजे पुढच्या वेळी जे शिळं बाहेर येईल ते निरुपद्रवी असेल. आधी काहीतरी दाबून ब्रिजला उठवायचं, टिंग वाजू द्यायचं, आणि मग मनातलं बोलायचं. ड्रायव्हरमधून तिने काढलेली ओळ तो गालाने रोज पन्नासदा लिहीत होता.

कळलं होतं तर सांगितलं का नाही? एक मिनिटाचं काम.

या प्रश्नाचं उत्तर यायच्या आधीच ती मागे मागे मोजत गेली होती. ऐकू येतंय ना? हो. मग बाईंचं ते लांबलचक सांगणं, ब्रिजला झोपायला भरपूर वेळ. यंत्र लावू का? टिकटिक सुरू होते आणि लगेच थांबते, पहिल्याच खणावर थांबावी इतकी लगेच. “हो.”

तो हो मागच्या प्रश्नाचा होता.

तिने वळून बघितलं. दादा जागा होता. त्याची नजर तिच्या हातातल्या चकतीवर होती, आणि मग तिच्या तोंडावर.

तिने चकती त्याच्या गालाला लावली, दुखणारी कातडी चुकवून. यंत्राने आधी एक शिळा शब्द टाकला. मग अक्षरं आली, एकेक. ती जोडत गेली.

“ओळ काढलीस.”

“काढली,” ती म्हणाली. “पिवळी सूचना येत होती. दादा, तुला कधी कळलं?”

“दवाखान्यात.”

“मग सांगितलं का नाहीस मला?”

“तू मोजलं असतंस.”

तिला रडू आवरेना. “तू तेव्हा आधी नाही म्हणाला होतास,” ती म्हणाली. “हो ना? तुला हे नको होतं. तू नाही म्हणालास आणि मी… माझ्यामुळे…”

दिवा फिरत राहिला. नाहीवरून गेला, होवरून गेला, सगळ्या शब्दांवरून, सगळ्या अक्षरांवरून. कितीतरी वेळ गाल हलला नाही. मग यंत्राने एक भलतंच अक्षर म्हटलं, आणि त्यामागून त्याचं खरं बोलणं आलं.

“ती खाली बसली.”

धाकटीला आठवलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो वहिनीकडे बघत होता. अख्खी एक फेरी त्याने नुसती जाऊ दिली होती. ब्रिजला अजून डुलकी लागली नव्हती, म्हणजे दुसरा हो त्याचा स्वतःचा होता. यंत्राने चुकून दिलेलं त्याने परत घेतलं नाही. चूक दुरुस्त करायला त्याला फक्त गाल हलवायचा होता, आणि समोर वहिनी फरशीवर बसून रडत होती.

“आपण पुन्हा विचारू,” धाकटी म्हणाली. “आत्ता दुरुस्त करते. डॉक्टरांना बोलावते. अजूनही तुला नको असेल तर ते नळी काढतात, तसा हक्क आहे तुला. मी वहिनीला समजावते. माझी चूक आहे म्हणून सांगते. दादा, मी सगळ्यांना सांगते.”

“नाही,” यंत्र म्हणालं. या वेळी उशीर नाही, शिळं नाही. मग अक्षरं, “तिला कळता कामा नये. कधीच.”

“आणि तू? हे असं रोज? गाल गेल्यावरसुद्धा?”

त्याने डोळे मिटले. तिनेही पुन्हा विचारलं नाही. उत्तर ऐकायचं धैर्य तिला नव्हतं. तिने त्याच्या छातीवर डोकं ठेवलं. लहानपणी ठेवायची तेव्हा तिथे धडधड ऐकू यायची. आता आधी यंत्राची फुस्स ऐकू आली, आणि तिच्या खाली कुठेतरी ती जुनी धडधड.

थोड्या वेळाने तो पुन्हा बोलला. “ओळ घाल.” आणि मग, “टीप लिही.”

ती रडता रडता हसली. जन्मात ज्याने एक टीप लिहिली नाही, तो तिला टीप लिहायला सांगत होता.

तिने ओळ घातली. शेजारी लिहिलं, “निरुपयोगी वाटली तरी ही ओळ काढू नये.” कारण लिहिलं नाही. मग चकती बोटाला लावून, हात मांडीवर ठेवून, दादासारखी सावकाश, पुन्हा पुन्हा तपासलं. एकदाही चुकलं नाही.

वहिनी परत आली ती ओल्या केसांनी, डोळे तलावाच्या पाण्याने लाल, आणि कितीतरी दिवसांनी गालांवर रंग. बरोबर शेजारच्या काकू होत्या, जिन्यात भेटल्या म्हणून आलेल्या. वहिनीने विचारलं, “काय हो, त्रास नाही ना दिला हिने?”

“बोलली फार,” दादा अक्षरं जोडून म्हणाला. आधी घंटी नाही, नंतर घंटी नाही.

“अगंबाई, शाळा बंद झाली!” वहिनी ओरडली.

“जरा दुरुस्ती केली,” धाकटी म्हणाली. ती पिशवी भरत होती.

काकू दादाकडे बघत पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. त्यांचा सूर लागलाच, “काय गं हे हाल. बघवत नाही. त्यापेक्षा तेव्हाच…”

“काकू, त्यांनी स्वतः हो म्हटलंय,” वहिनी म्हणाली. तोच ताठ आवाज. पण आज पोहून ती सैलावली होती, आणि कदाचित म्हणूनच, आजवर जे तिने कधी केलं नव्हतं ते केलं. पाटीच्या करड्या पाठीवरून वाकून ती हसत त्याला म्हणाली, “विचारा हवं तर. काय हो, तुम्हालाच राहायचं होतं ना? मी काही बळजबरी केली नाही. सांगा यांना, तुम्हालाच हवं होतं ना हे?”

धाकटी त्याच्या उशाशी होती. पाटी तिला दिसत होती.

दिवा नाहीवर आला. तिथे तो किंचित थांबला, नेहमीसारखा, त्यानेच करून ठेवलं होतं तसा. दादाचा गाल स्थिर होता. दिवा पुढे सरकला.

“हो,” यंत्र म्हणालं, अगदी वेळेवर.

“बघा,” वहिनी काकूंना म्हणाली, आणि त्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं करू लागली.